बोटावरची शाई आणि मोफत बिअर

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझी परमिट रूम आहे, समोरच कॉलेज. आमच्याकडे विधानसभेची पोटनिवडणूक लागली आहे. पोरं मतदानाला जातच नाहीत, म्हणून मी फ्लेक्स लावला : '18 ते 25 वयाच्या मतदारांनी बोटावरची शाई दाखवा, एक बिअर मोफत!' मतदान सहाला संपेल, बिअर सातनंतर देणार. पक्षाचं नाव कुठेच नाही. मेहुणा एका पक्षाचा तालुकाध्यक्ष आहे, त्यालाही कल्पना आवडली. मॅनेजर मात्र म्हणतो, गोत्यात याल. अठराव्या वर्षी सरकार निवडता येतं, मग बिअर का नाही?

उत्तर : मॅनेजरचं ऐका आणि फ्लेक्स आजच उतरवा. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर टाकला असेल तर तोही काढा. तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे कायदा हेतूच्या आधी कृती पाहतो.

वयाचं आधी सांगतो. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय 21 आहे, कडक दारूसाठी 25. म्हणजे ज्यांना तुम्ही बोलावताय त्यातल्या 18 ते 20 वयाच्या मुलांना पिण्याचा परवानाच मिळू शकत नाही. त्यांच्यापुढे ग्लास ठेवलात तर तुमचं लायसन्स निलंबित होऊ शकतं, रद्दही होऊ शकतं. दारूच्या जाहिरातीला बंदी आहे, ती वेगळीच.

आता जे तुमच्या लक्षात आलेलं नाही ते. पक्षाचं नाव नाही म्हणजे लाच नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. भारतीय न्याय संहितेचं कलम 170 नीट वाचा. अमक्याला मत दे म्हणून काही देणं तर लाच आहेच, पण मतदानाचा हक्क बजावावा म्हणून किंवा बजावल्याचं बक्षीस म्हणून काही देणं हीसुद्धा तिथे लाचच आहे. खाऊपिऊ घालून दिलेल्या लाचेला कलम 173 खाली फक्त दंड आहे, कैद नाही. तरी गुन्हा तो गुन्हाच. शाई दाखवली की डोशावर सवलत, असं काही शहरांतली हॉटेलं करतात हे मला माहीत आहे. त्यांच्यावर कारवाई झाली नाही म्हणून कलम बदलत नाही, आणि डोसा व बिअर यांकडे भरारी पथक एकाच नजरेनं पाहणार नाही.

त्यात मेहुणे. उमेदवाराच्या संमतीनं हे झालं असं कुणी सिद्ध केलं, तर लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 123 खाली तो भ्रष्टाचार ठरतो आणि निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. विरोधी कार्यकर्त्याला निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या अॅपवर तुमच्या फ्लेक्सचा एक फोटो टाकायचाय, बस्स. मेहुण्यांना यातून पूर्ण बाहेर ठेवा.

सातनंतरचं म्हणाल, तर त्याच 1951 च्या कायद्याच्या कलम 135-सी प्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेपर्यंतचे 48 तास दारूविक्री बंद असते. मोडलंत तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सहाला मतदान संपलं तर सातला ही मुदत उलटलेली असेल, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात आणखी काही आहे का तेही पाहा.

शेवटचा प्रश्न रास्त आहे. 1989 पर्यंत मतदानाचं वयही 21 होतं. 61 व्या घटनादुरुस्तीनं ते 18 झालं. मतदानाचं वय अनुच्छेद 326 ठरवतो, दारू हा राज्यांचा विषय. राज्यानं 21 ची रेघ ओढली आहे. ती खाली आणायची तर ज्या पोरांना त्रास होतो त्यांनीच मतं देऊन आमदारांना विचारावं. माझं मत विचाराल तर या रेघेपेक्षा मला मतदारयादीतली गैरहजेरी जास्त खुपते.

कारण पोरांचं घोडं बहुतेकदा यादीतच अडतं. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की या निवडणुकीसाठी नाव चढत नाही. तारीख अजून बाकी असेल तर आजच प्राचार्यांना भेटा, तहसील कार्यालयातून नवीन नावनोंदणीचे नमुना 6 चे अर्ज मागवा आणि बीएलओंना, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना, एक दिवस कॉलेजात बसवायची विनंती करा. वर्षातून चार अर्हता तारखा असतात, म्हणजे ज्या तारखेला अठरा पूर्ण असावी लागतात त्या : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. हॉस्टेलवरच्या पोरानं गावचं नाव ठेवायचं की इथलं, ते ठरवावं. दोन्हीकडे चालत नाही.

आणि तुमचे वेटर. ड्राय डेला बार बंद, म्हणून त्या दिवसाचा रोज कापत असाल तर कापू नका. त्यातल्या मतदारांना लोकप्रतिनिधित्व कायद्याच्याच कलम 135-बी खाली मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे, एरवी त्या दिवसाचा पगार मिळत नसला तरीही.