माळ्यावरचा विंडसर्फिंग बोर्ड पुन्हा पाण्यात

प्रश्न : नमस्कार. आमच्या मामांनी खूप वर्षांपूर्वी मुंबईहून एक जुना विंडसर्फिंग बोर्ड आणला होता. शीड आणि काठी कधीच गेली, बोर्ड मात्र गोठ्याच्या माळ्यावर पडून आहे. लांबी १२ फूट, रुंदी २ फुटांपेक्षा थोडी जास्त, मधे लांब खाच आहे आणि त्यातनं एक फळी खाली-वर होते. मागे एक तडा गेलाय, त्याच्या बाजूला दाबलं की मऊ लागतं. माझं वजन ७८ किलो. तारकर्लीला उभं राहून वल्हवतात ते पॅडलबोर्ड बघितले, तसं आमच्या खाडीत करायचंय पण नवीन बोर्ड परवडत नाही. इथला होड्या करणारा फायबर मिस्त्री म्हणतो, दे माझ्याकडे, दोन दिवसांत करून देतो. देऊ का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : बोर्ड नक्की होईल, पण मिस्त्रीकडे आत्ता देऊ नका. आधी बोर्डाच्या पोटात काय आहे ते बघा, मग सगळं.

हे एवढं जोर देऊन सांगतोय कारण माझा पहिला बोर्ड मी असाच घालवला. मिस्त्री कामाला एकदम चोख, आयुष्यभर होड्या केलेला माणूस, त्याने नेहमीसारखं रेझीन कालवलं, मॅट लावली, संध्याकाळी पॅच दिसायला सुंदर झाला. सकाळी बोट लावलं तर पॅच खाली बसलेला आणि त्याच्या खाली मूठ जाईल एवढा खड्डा. होड्यांना जे रेझीन वापरतात ते पॉलिस्टर, त्यात स्टायरीन असतं आणि ते थर्माकोलला खाऊन टाकतं. होडीत थर्माकोल नसतो म्हणून मिस्त्रीला कधी अडचण आली नाही, पण बऱ्याच बोर्डांच्या आत तोच असतो.

तर तड्यातनं किंवा जिथे काठी बसायची त्या पट्टीच्या भोकातनं आतला चुरा चिमूटभर काढा. पांढरे गोल दाणे निघाले तर थर्माकोल. पिवळट आणि बोटावर चुरून पीठ होणारा निघाला तर पॉलियुरेथेन फोम, ८० च्या दशकातल्या पुष्कळ बोर्डांत हा असायचा. खात्री करायची असेल तर चुरा बाहेर अंगणात झाकणात ठेवून वर पेट्रोलचा एक थेंब टाका (चूल, विडी काही जवळ नको), थर्माकोल असेल तर डोळ्यांदेखत विरघळतो. आत काहीही असलं तरी इपॉक्सी रेझीन दोन्हीला चालतं म्हणून मी सरळ इपॉक्सीच घ्या म्हणतो, महाग पडतं पण पाव-अर्धा किलोत तुमचं काम होईल. आणि त्याबरोबर विणलेलं फायबर क्लॉथ घ्या, मिस्त्रीकडची ती कापसासारखी मॅट नको, तिचे धागे धरून ठेवणारा गोंद पॉलिस्टरमधे विरघळावा असा केलेला असतो, इपॉक्सीत तो नीट सुटत नाही आणि पॅच कडक, पांढुरका राहतो. हे सगळं मिस्त्रीला समजावून सांगितलंत तर काम त्याच्याकडूनच करून घ्या, हात त्याचाच चांगला.

आता वरची कातडी. नखाने खरवडून बघा. मेणचट लागली आणि ब्लेडने बारीक सालपट निघालं तर ते पाण्याच्या काळ्या टाकीचं असतं तसं पॉलिथिन, त्याला कुठलंच रेझीन धरत नाही, कितीही घासा. टाक्या वेल्डिंग करणारे फिरतात ना, गरम करून प्लास्टिकची काडी वितळवत भरणारे, त्यांच्याकडे न्यायचं. घासल्यावर पांढरी भुकटी उडाली तर फायबर आहे, तोंडाला फडकं बांधा आणि पुढे चला.

मऊ लागतं म्हणता ते मला जास्त काळजीचं वाटतं. पाणी आत गेलेलं असणार. बोर्ड घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. या मापाचा जुना बोर्ड कोरडा असताना साधारण १८ ते २२ किलो भरतो, तुमचा २७-२८ भरला तर ते पाणीच आहे. मऊ भाग कापून उघडा करा, बोर्डावर छोटा व्हेंट स्क्रू (आतली हवा सोडायचा) असेल तर तोही काढा आणि ती उघडी बाजू खाली येईल असा तिरका, सावलीत, वारा लागेल तिथे ठेवा. आठवड्यात वाळेल असं समजू नका, दोन-तीन महिने धरा. आपल्याकडे पावसात तर कपडे वाळत नाहीत म्हणून हे काम जानेवारीला काढलं तर मेपर्यंत होतं. उन्हात टाकून घाई करू नका, आतली हवा तापून फुगते आणि कातडी फोमपासून सुटते. दर आठवड्याला वजन करून भिंतीवर खडूने लिहा, सलग दोनतीन वेळा आकडा हलला नाही की वाळला.

दुरुस्ती झाल्यावर अजून कुठे गळतं का ते असं बघायचं. सकाळी बोर्ड सावलीत गार असताना व्हेंट स्क्रू घट्ट लावा, ब्रशने सगळीकडे साबणाचं पाणी लावा आणि उन्हात ओढा. आतली हवा तापली की जिथे बारीक चीर असेल तिथे फुगे येतात, माझ्या एका बोर्डाला पायपट्ट्यांच्या (पाय अडकवायच्या पट्ट्यांच्या) स्क्रूच्या भोकातनं आले होते, दिसायला तिथे काहीच नव्हतं. पंपाने हवा मात्र भरू नका, बोर्ड फुटतो. पायपट्ट्या काढल्यावर स्क्रू तसेच सोडून देऊ नका, वायसर घालून परत घट्ट बसवा नाहीतर भोकं एम-सीलने बंद करा. एक-दोन पट्ट्या ठेवा, दोरी बांधायला लागतात.

तुमच्या वजनाला पेलेल का, तर हिशोब सोपा आहे. १ लिटर आकारमान म्हणजे जवळजवळ १ किलो उचलायची ताकद. या लांबीरुंदीचे जुने बोर्ड सहसा २०० लिटरच्या पुढे असतात, त्यातनं बोर्डाचे २० आणि तुमचे ७८ गेले तरी शंभरेक शिल्लक, भरपूर झालं. त्या काळात हलक्या वाऱ्यात आणि वाऱ्याच्या विरुद्ध चालवायला बोर्ड असे लांब आणि जाडच करायचे, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधे विंडसर्फिंग पहिल्यांदा आलं तेही अशाच लांब बोर्डावर. पुढे आखूड, जोरात पळणारे बोर्ड आले, ते ९०-१०० लिटरचे, त्यावर उभं राहून वल्हवायला गेलात तर घोट्याएवढ्या पाण्यात जाल. म्हणून मामांचा जुना तोच कामाचा.

रुंदीत मात्र कमी पडतो. शिकाऊ पॅडलबोर्ड ७५-८० सेंटीमीटरचा असतो, तुमचा पासष्टच्या आसपास, त्यामुळे डुलणार. पहिले चार दिवस गुडघ्यावर बसूनच वल्हवा. मधली फळी खाली सोडली की डुलणं थोडं कमी होतं आणि बोर्ड सरळ चालतो, म्हणून खाच बुजवायची घाई करू नका, एक सीझन वापरून बघा. फक्त काठाजवळ फळी वर घ्यायची, वाळूला किंवा कालवांच्या खडकाला अडकली की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि तुम्ही पुढे. फळीच काढून टाकणार असाल तर खाचेत थर्माकोलचा मापाचा ठोकळा घालून दोन्ही बाजूंनी इपॉक्सीने फायबर क्लॉथ चढवा, उघडी खाच ठेवली तर पायात पाणी उडत राहतं आणि वेगही जातो.

काठी बसवायची धातूची पट्टी पायाच्या बोटांना लागते. खाऱ्या पाण्याने स्क्रू जाम झाले असतील, उकळतं पाणी ओतून, गंज सोडवायचं तेल दोनतीन दिवस घालून बघा. निघालेच नाहीत तर ड्रिल मारत बसू नका, वर लहान मुलांच्या खोलीत घालतात त्या मऊ फोमच्या मॅटचा तुकडा कापून चिकटवा. तसाही उभं राहायच्या जागी मॅट लागतेच, जुना खरखरीतपणा एवढ्या वर्षांत गेलेला असतो. चप्पलवाल्याकडचं सोल्यूशन चालतं पण आधी सगळ्या चिरा बंद झालेल्या हव्यात, तेही थर्माकोल खातं.

व्हेंट स्क्रूचं राहिलं. टेम्पोवरनं नेताना, उन्हात ठेवताना उघडा, पाण्यात घालायच्या आधी बंद. मी वल्ह्याच्या मुठीला लाल दोरा बांधलाय, हातात आला की स्क्रू आठवतो.

प्रश्न : मी असाच एक जुना बोर्ड नीट करून घेतलाय आणि भाट्याच्या खाडीत सकाळी जाते. दोन त्रास आहेत. होडीचं वल्हं वापरते तर पाठ भरून येते आणि परतताना कधी सहज येते तर कधी पाणी आणि वारा दोन्ही मुखाकडे ओढतात, मागच्या आठवड्यात खूप घाबरले.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, वल्ह्याचं आधी सांगतो, ते लवकर संपणारं आहे. उभं राहून मारायचं वल्हं आपल्या उंचीपेक्षा साधारण २० सेंटीमीटर लांब हवं, तुमची उंची ५ फूट २ इंच असेल तर वल्हं ५ फूट १० इंचांच्या आसपास. होडीचं आखूड म्हणून वाकता आणि पाठ धरते. चांगला वाळलेला सरळ बांबू आणि मरीन प्लायचं पातं इपॉक्सीने जोडून घरी होतं. पातं थोडं कलतं लावा, आणि धरताना तो कल पुढच्या बाजूला म्हणजे बोर्डाच्या टोकाकडे हवा. दिसायला उलटं वाटतं पण तेच बरोबर.

आता घाबरलात ते. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, शाळेत शिकलोय आपण, खारा वारा दुपारचा. मतलईत किनाऱ्याजवळ पाणी तेलासारखं शांत दिसतं आणि तिथेच फसायला होतं, उभं माणूस म्हणजे शीडच. त्यात ओहोटी असेल तर दोन्ही एकाच दिशेला ओढणार, तुमचं तेच झालं असणार.

म्हणून निघायच्या आधी कॅलेंडरवर तिथी बघा. आपल्याकडचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती संपते आणि पुढे दुपारपर्यंत ओहोटी. भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी, तरी सकाळी वारा आणि ओहोटी एकत्र येतात म्हणून मी तुम्हाला अष्टमीची सकाळ सांगणार नाही. एकादशी घ्या. अकराची पाऊणपट सव्वाआठ. साडेसहाला निघून भरतीबरोबर खाडीत आत जायचं, मुखाकडे नाहीच, सव्वाआठच्या सुमारास पाणी थांबतं, आत गेलं की जरा उशिरा, तिथून वळायचं आणि हळूहळू सुरू होणाऱ्या ओहोटीबरोबर घरी, खारा वारा सुटायच्या आत. निघाल्या जागेच्या खाली मात्र वाहत जायचं नाही, काठावरचं एक झाड धरून ठेवा आणि ते आलं की बाहेर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात शिकाऊ माणसाने जाऊच नये, आणि पावसाळ्यात तर नारळी पौर्णिमेच्या आधी बोर्ड माळ्यावरच.

लाइफ जॅकेट घालाच. बोर्डाची दोरी खाडीत घोट्याला बांधू नका, जाळ्यांचे खुंट असतात, वाहत्या पाण्यात दोरी खुंटाला गुंडाळली तर घोट्यापर्यंत हात पोचत नाही. कमरेला, एका झटक्यात सुटेल अशी बांधा. आणि वारा नेतोय असं वाटलं की उभं राहून झगडू नका, पोटावर झोपा, वल्हं छातीखाली घ्या आणि हातांनी जवळच्या काठाकडे तिरकं या, घराकडे नाही. बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही, काठ कितीही जवळ दिसला तरी.