किलगार्व्हनचे अपक्ष खासदार

प्रश्न : आमच्या खानापूर तालुक्यातील वाडीला रस्त्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज द्यावे लागतात. आयर्लंडमधील एका खेडेगावच्या अपक्ष खासदाराने सरकारकडून कामे करून घेतली, असे ऐकले. ते कसे साधले?

उत्तर : आपला रोख जॅकी हीली-रे यांच्याकडे असावा. केरी परगण्यातील किलगार्व्हनचे हे गृहस्थ १९७३ पासून परगणा परिषदेत होते. १९९७ मध्ये फिआना फॉल पक्षाने उमेदवारी नाकारल्यावर ते दक्षिण केरीतून अपक्ष निवडून आले आणि त्याच पक्षाचे पंतप्रधान बर्टी अहर्न यांचे सरकार अल्पमतात असल्यामुळे त्यांच्या एका मताला मोल आले. त्या पाठिंब्याच्या बदल्यात त्यांनी मतदारसंघातील रस्त्यांसाठी निधी मिळवला. माझ्या मते मात्र त्यांचे खरे बळ आधीच्या चोवीस वर्षांच्या स्थानिक कामात होते. २०११ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच मतदारसंघातून पुत्र मायकेल निवडून आले.