न दिसणारी सूज

प्रश्न : माझी आई ५६ वर्षांची आहे. ती अंगाने बारीक असून आठ वर्षांपासून तिला मधुमेह आहे; सकाळी मशेरी लावण्याची सवय फार जुनी आहे. नुकत्याच केलेल्या हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी तपासणीत आकडा ४.८ आला आणि ‘शरीरात सूज आहे’ असे सांगण्यात आले. अंगावर मात्र कुठेच सूज नाही. हळदीच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का? – एक वाचक, कराड

उत्तर : पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, तापते, ठणकते आणि काटा निघाल्यावर चार दिवसांत निवळते. हा दाह, म्हणजेच अहवालातली ‘सूज’, आपल्या रक्षणासाठीच असतो. कारण निघतच नाही, तेव्हा तोच दाह मंदपणे वर्षानुवर्षे चालू राहतो, आणि त्याची खूण अंगावर नव्हे, रक्तात सापडते. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. या तपासणीत लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत आकडा असणे चांगले, ३ च्या वर गेल्यास हृदयविकाराचा धोका अधिक मानतात. १० च्या वर गेल्यास आधी एखादा ताजा संसर्ग शोधावा लागतो. मात्र दाह कुठे आहे, हे हा आकडा सांगत नाही. साध्या सर्दी-तापानेही तो वाढतो, म्हणून दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

तुमच्या आईंच्या बाबतीत मी दोन ठिकाणी पाहीन. पहिले पोट. बारीक माणसाच्या पोटातही चरबी असू शकते, आणि तेथील पेशींतून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात उतरून इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोन मधुमेह-संशोधकांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, होता, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के भरली, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा वजनकाट्यावर न जाता कमरेचा घेर मोजा. आपल्याकडील स्त्रियांत तो ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

दुसरे ठिकाण हिरड्या, आणि माझा संशय इथेच अधिक आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती रोज हिरड्यांवर चोळली जाते. हिरडी दातापासून सुटली की त्या फटीत जंतू साचतात आणि तेथील दाह मधुमेह बिघडवतो. बिघडलेली साखर पुन्हा हिरड्या पोखरते. हिरड्यांवर नीट उपचार झाले की तीन महिन्यांची सरासरी साखर काहीशी उतरते, असा अनुभव अनेक अभ्यासांत आला आहे. दात हलतात का, मुळे उघडी पडली आहेत का, हे स्वतः टॉर्च लावून पाहा. रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

दीर्घकाळच्या दाहाचा सर्वांत गंभीर परिणाम रक्तवाहिन्यांवर होतो : आतील चरबीच्या थरावरचे आवरण कमकुवत होते आणि ते फुटले की गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येतो. दाह शमवणाऱ्या एका औषधाने कोलेस्टेरॉल न घटवताही असे झटके कमी झाल्याचे २०१७ मध्ये दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांच्या चाचणीत दिसले. परंतु जीवघेणे संसर्ग वाढल्याने ते सरसकट दिले जात नाही.

हळद आमटी-भाजीत अवश्य असावी. कॅप्सूल मात्र मी देणार नाही. हळदीतील कर्क्युमिन फार थोडे शोषले जाते आणि तीव्र मात्रेच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झालेली आहे. ते पैसे दंतवैद्याकडे खर्च करा आणि आईंसोबत स्वतः जा. मशेरी सोडताना पहिले काही दिवस डोके दुखेल, चिडचिड होईल; त्या दिवसांत कोणीही त्यांना रागावू नये.