अहवालात एक्सवाय आले, म्हणून मुलगी तृतीयपंथी ठरते का?

तासगाव तालुक्यातील एक आई १७ वर्षांच्या मुलीला घेऊन सांगलीत माझ्याकडे आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलीला पाळी आली नव्हती. मिरजेतील तपासणीत गर्भाशय नसल्याचे दिसले आणि गुणसूत्रांच्या अहवालात एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांत आढळणारी जोडी, आली. आत्याने "ही तृतीयपंथी आहे" असे जाहीर केले होते. आईने विचारले, "मॅडम, हिला यल्लम्मा देवीला सोडावी लागणार का?"

आमच्या भागात देवीला सोडलेले, स्त्रीवेशात राहणारे जोगते सर्वांनी पाहिलेले असतात, त्यामुळे ही भीती मी कधीच हसण्यावारी नेत नाही. परंतु जोगता हा परंपरेतला शब्द आहे, निदान नव्हे.

मी आधी मुलीशी एकटीशी बोलले. तिने एवढेच विचारले, "मी आता मुलगी नाही का?"

तिच्या डॉक्टरांनी निदान केले होते ते पूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलतेचे; अँड्रोजेन म्हणजे पुरुषी शरीर घडवणारे संप्रेरक. अशा शरीरात वृषणे पोटात किंवा जांघेत राहतात आणि अँड्रोजेन तयारही करतात, पण पेशी त्याला प्रतिसाद देत नाहीत; म्हणून बाह्य शरीर स्त्रीचे घडते, स्तनही वाढतात, मात्र गर्भाशय नसल्याने पाळी येत नाही. जन्मतःच्या अशा शारीरिक वेगळेपणाला आंतरलिंगी म्हणतात. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीचे तसे नसते: तिचे शरीर सर्वसाधारण असू शकते, पण जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःची जाणीव जुळत नाही. कोणाविषयी आकर्षण वाटते हा तिसराच प्रश्न. या मुलीची जाणीव मुलीचीच होती, आणि ती गुणसूत्रांच्या कागदाने बदलत नाही.

गोंधळाला कायद्याची भाषाही कारणीभूत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, पण पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तीच्या व्याख्येतच आंतरलिंगी शरीरे घातली. हक्कांसाठी ते उपयोगी असेल; घरात मात्र त्याने नावे चिकटवली जातात, हे मला खटकते.

पोटातील वृषणे काढायची की ठेवायची हा निर्णय तज्ज्ञांशी बोलून, मुलीला पूर्ण समजावून आणि तिच्या संमतीनेच घ्यावा, असे मी आईला सांगितले. तिने विचारले, "मग नणंदेला काय सांगू?" मी मुलीकडे पाहिले.

"आत्याला काहीच सांगायचं नाही," मुलगी म्हणाली, आणि अहवालाची फाइल आईच्या हातातून घेऊन तिने स्वतःच्या दप्तरात ठेवली.