देवनागरीत डिझाइन करताना

कुठलं सॉफ्टवेअर शिकू, हा तुझा प्रश्न जरा बाजूला ठेव. ग्राफिक डिझाइन म्हणजे आधी ठरवणं, की वाचणाऱ्याला पहिलं काय दिसावं आणि मग काय. लग्नपत्रिका असो की एसटी स्टँडवरचा फलक, काम तेच.

मराठी मजकुराचं मात्र नीट सांगतो. इंग्रजीसाठी बेतलेलं ओळींमधलं अंतर देवनागरीला पुरत नाही. वर वेलांटी, रफार, खाली उकार. वरच्या ओळीत 'गुरू' आणि बरोबर त्याखाली 'कीर्ती' आली, की मात्रा एकमेकींवर चढतात. एका पत्रिकेत माझ्याकडून हेच झालं, नवरीचं नाव वाचता येईना. फार वाईट वाटलं होतं. अक्षर थोडं लहान कर, पण अंतर वाढव. सरावाला 'मुक्ता' फॉन्ट घे, मोफत आहे.

छापायला देताना रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे), फोटो ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई. अक्षरं कर्व्हमध्ये बदलून दे, म्हणजे फॉन्ट न लागणारे नुसते आकार करून, नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटू शकतात. मूळ फाइल वेगळी जपून ठेव.

आणि अक्षरचित्रकार कमल शेडगे यांनी रेखाटलेली मराठी नाटकांची शीर्षकं शोधून बघ. नुसत्या अक्षरांच्या वळणातून नाटकाचा बाज कळतो.