वाचकांचे प्रश्न : रहस्यकथेतील महिला तपास अधिकारी

प्रश्न : मी ठाण्याच्या पार्श्वभूमीवर एक रहस्यमय कादंबरी लिहीत आहे. विटाव्याजवळ खाडीत एका खासगी कंपनीच्या रोखपालाचा मृतदेह सापडतो आणि एक महिला सहायक पोलीस निरीक्षक तपास हाती घेते. रोखपालाच्या एका सहकारी महिलेला पोलीस ठाण्यात बोलावून ती माहिती काढते आणि शेवटच्या प्रकरणात संशयित महिलेला रात्री अकरा वाजता घरून उचलून आणून पहाटेपर्यंत कबुली मिळवते. हस्तलिखित वाचलेल्या मैत्रिणींना नायिका आवडली, पण शेवट ‘फिल्मी’ वाटला. नेमके काय खटकत असावे? — एक वाचिका, कळवा

उत्तर : आपल्या नायिकेला कायदा कोठेच आडवा येत नाही, त्यामुळे तिला यश मिळेल की नाही, अशी धाकधूक वाचकाला वाटत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही; परिस्थिती अगदीच अपवादात्मक असेल, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. हा अहवाल महिला अधिकाऱ्यानेच द्यायचा असतो, हे आपल्या कामाचे आहे. रात्री अकरा वाजता तिला संशयिताच्या दारावर थाप मारायला लावण्याऐवजी पोलीस ठाण्यात कागदापुढे बसवा. ‘पळून जाण्याची शक्यता’ एवढ्या मोघम कारणावर परवानगी मिळेल का, याची तिला खात्री नाही. इमारतीखाली साध्या वेशातला हवालदार उभा आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरचा दिवा मध्यरात्रीनंतरही जळतोच आहे, हे तो फोनवर कळवतो आहे. सकाळपर्यंतचा हा वेळ आपण एका वाक्यात उडवून लावला आहे. मी त्यावर अख्खे प्रकरण लिहिले असते.

कबुलीचेही तसेच आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम जुन्या पुरावा कायद्यात होता आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्येही आहे. आरोपी कोठडीत असताना त्याने दिलेल्या माहितीतून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूच्या शोधाशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग न्यायालयात सांगता येतो. आपल्या अनुभवी नायिकेला हे पाठ असणार. तिला हुंदके आणि पश्चात्तापापेक्षा रोखपालाच्या कपाटाची हरवलेली किल्ली जास्त हवी असणार. ती दोन पंचांना बोलावील, आरोपीचे निवेदन त्यांच्यासमोर लिहून घेईल, आणि मग आरोपी पुढे व पोलीस मागे अशी वरात त्या जागेकडे निघेल. जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार करावे लागते, त्यामुळे शिपायाच्या हातात मोबाइल असेल. पंच म्हणून यायला समोरचा दुकानदार कां कूं करतो, आणि हाच उद्या साक्षीच्या वेळी फितूर झाला तर काय, असा विचार किल्ली हाती लागत असतानाच तिच्या मनात येतो. कबुलीनंतर कथा संपते ही समजूत चित्रपटांनी रुजवली आहे. प्रत्यक्षात तपास अधिकाऱ्याची खरी कसोटी तेथून पुढे लागते.

सहकारी महिलेच्या प्रसंगातही असाच बदल हवा. तपासात जबाबासाठी कोणत्याही महिलेला तिच्या राहत्या घराव्यतिरिक्त अन्यत्र हजर राहायला भाग पाडता येत नाही, असे त्याच संहितेचे कलम 179 सांगते. म्हणजे नायिकेने कळव्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरी जायला हवे. सासू चहाचे कप ठेवते, पण स्वयंपाकघराच्या दारातून हलत नाही. नवरा दूरदर्शन संचाचा आवाज कमी करतो, मात्र संच बंद करत नाही. साक्षीदार मेथी निवडत ‘मला काही कल्पना नाही’ म्हणते आणि नीट निवडलेली पानेसुद्धा देठांच्या ढिगात टाकत राहते. नायिका ते पाहते आणि पिण्याचे पाणी मागते. सासू आत वळते तेवढ्या अवधीत तिला एकच प्रश्न विचारता येतो. तो कोणता असावा, हे ठरवण्यासाठी आपल्याला सगळे कथानक पुन्हा तपासावे लागेल, आणि ते तपासलेले बरे.

खाडीविषयी थोडे सांगतो, कारण ठाण्याच्या लेखकाला ही आयती मिळालेली सामग्री आहे. विटावा ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, त्याला लागून असलेला दिघा नवी मुंबईच्या हद्दीत, आणि पाण्यापलीकडचे मुलुंड मुंबईच्या हद्दीत. भरती साधारण दर 12 तास 25 मिनिटांनी येते आणि रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे मृतदेह जेथे सापडला तेथेच तो टाकला होता, असे मुळीच गृहीत धरता येत नाही. शिवाय बुडालेला देह बहुधा आधी तळाशी जातो आणि कुजण्याची क्रिया सुरू होऊन आत वायू साठल्यावर वर येतो. रात्री टाकलेला देह सकाळी तरंगताना दाखवला असेल, तर तो भाग दुरुस्त करावा. सुरुवातीला त्याच संहितेच्या कलम 194 नुसार अकस्मात मृत्यूची नोंद होईल, मृत्यूच्या कारणाविषयीचे मत राखून ठेवले जाईल आणि व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे नमुने, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जाईल. अहवाल दुसऱ्या दिवशी येत नाही, एवढे पथ्य मात्र पाळा.

प्रश्न : कादंबरीतील महिला अधिकारी बहुधा घटस्फोटित, एकाकी किंवा दुःखी दाखवली जाते. हे आवश्यक आहे का? शिवाय गुन्हे शाखेची प्रमुख महिला दाखवली तर वाचकाला पटेल का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : आवश्यक मुळीच नाही, आणि आता त्याचा कंटाळाही आला आहे. तिच्या स्त्री असण्याचा ताण कामातूनच दाखवता येतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी लागते आणि महिला आरोपीची अंगझडती महिलेनेच घ्यायची असते. रात्रपाळीला ती एकटीच महिला अधिकारी असेल, तर खुनाचा धागा हाती येत असतानाच दुसऱ्याच प्रकरणासाठी ‘मॅडम, जरा येता का’ असे बोलावणे येणारच, आणि त्या पीडितेला घाई करणे तिला शोभणार नाही. यातून निर्माण होणारी ओढाताण कोणत्याही घटस्फोटापेक्षा अस्सल आहे. पटण्याचे म्हणाल, तर मीरा बोरवणकर यांनी मुंबईच्या गुन्हे शाखेची धुरा सांभाळली होती, आणि 2024 मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या.

प्रश्न : माझ्या कथेतील खून 2019 मध्ये वाशीत झाला असून खटला 2025 मध्ये चालतो. कलम 302 लिहावे की 103? — एक वाचक, सानपाडा

उत्तर : जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम 302. गुन्हा घडला त्या दिवशी लागू असलेल्या कायद्यानेच शिक्षा ठरते. भारतीय न्याय संहितेचे कलम 103 हे 1 जुलै 2024 पासून पुढे घडलेल्या खुनांना लागू आहे.