गोळ्या महिनाभर बंद ठेवल्या तर चालतील का, विचारलंस म्हणून

निपाणीच्या भावा, सप्टेंबरात इंग्लंडात लीड्सला मास्टर्सला निघालायस, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला एचआयव्ही, टेस्टमध्ये दिसत नाही, मग तिकडं बस्तान बसेपर्यंत महिना-दोन महिने एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या, थांबवली तर चालेल का, आणि एकटेपणा किती येतो, हे विचारलंयस. नाही चालणार बघ. लोड दिसत नाही तो गोळीमुळंच, व्हायरस अंगातनं गेलेला नसतो, गोळी थांबली की काही आठवड्यांत परत वाढतो, आणि मधेच घेतली मधेच सोडली असं चाललं की रेझिस्टन्स येऊन तेच औषध पुढं लागू पडत नाही. हेपटायटिस बी पण असेल तर टीएलडी, म्हणजे एआरटीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी, एकदम बंद केल्यावर लिव्हर बिघडू शकतं, त्याचा रिपोर्ट सोबत घे.

व्हिसाचं वेबसाईटवर आहे सगळं. टीबीचा एक्सरे लागतो, एचआयव्हीची टेस्ट मागत नाहीत. आमचं अडलं ते भलतीकडंच! माझ्या पासपोर्टवर बेलगाम, पोराच्या दाखल्यावर बेळगावी, २०१४ ला नाव बदललं त्याला आम्ही काय करणार, तरी अ‍ॅफिडेव्हिट करा, कन्नडचं भाषांतर आणा, खानापूर-बेळगाव नुसते हेलपाटे.  

असो. निघायच्या आधी एआरटी सेंटरला सांग, देतील तितक्या महिन्यांच्या गोळ्या घे, औषधाचं नाव आणि लोडचे रिपोर्ट असलेलं इंग्लिश पत्र माग, बाटल्या हँडबॅगेतच ठेव. इथं इंग्लंडात २०१२ पासून एचआयव्हीचे उपचार सगळ्यांना फुकट आहेत, व्हिसा कुठला का असेना. पोचल्या आठवड्यातच सेक्शुअल हेल्थ क्लिनिकला स्वतः फोन लाव, जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही, कॉलेजला कुणी कळवत नाही. तू येशील तेव्हा इथलं घड्याळ साडेचार तास मागं, म्हणजे तुझी रात्री नऊची गोळी ऐन लेक्चरात येणार, तर सोयीची वेळ निघायच्या आधी एआरटी सेंटरच्याच डॉक्टरला विचारून ठरव. चुकली तर आठवल्याबरोबर घे, पुढची चार तासांवर आली असेल तर सोडून दे, डबल नको. अ‍ॅसिडिटीचं औषध घेणार असलास तर गोळी त्याच्या दोन तास आधी नाहीतर सहा तासांनंतर.

एकटेपणा येतो नि जातो, त्याचं एवढं काही नाही. त्रास आहे तो लपवाछपवीचा. शेअरिंगच्या घरात बाटली खुळखुळते, मी आत कापूस कोंबायची. तुझी गोळी चुकली तर ह्या लाजेपायी चुकेल, सरकारपायी नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिचा व्हिडिओ कॉल नेमका गोळीच्या वेळी येतो, मग फोन भिंतीकडं वळवून गिळते. धाकटीचं लग्न व्हायचं होतं म्हणून थांबले होते, ते होऊन तिला पोरगी पण झाली, तरी तोंडातनं निघत नाही. ह्यावर मी तुला काय सल्ला देणार? एवढंच बघ, एआरटी सेंटरच्या काउन्सेलरचा नंबर घेऊन ठेव, आणि इथं क्लिनिकची पहिली तारीख मिळाली की कळव.